क्रेनच्या गँट्रीतील बोल्टच्या सांध्यांवर पीझो पट्ट्या लावून देखरेख करता येईल का?

गव्हाणीवरची_क्रेन (प्रश्न)

नमस्कार. मी कोल्हापूर भागातील एका साखर कारखान्याच्या यांत्रिकी देखभाल विभागात काम करतो. गव्हाणीत ऊस उतरवणाऱ्या क्रेनची गँट्री, म्हणजे क्रेन ज्यावर धावते तो उंच सांगाडा, आमच्या विभागाकडे आहे. गँट्री गर्डर स्तंभाच्या ब्रॅकेटला जिथे बसतो आणि क्रेनचे आडवे धक्के घेणारा सर्ज गर्डर त्याला जिथे जोडला आहे, त्या सांध्यांत एम२० मापाचे, ८.८ प्रतीचे घर्षणपकड बोल्ट (प्लेटा घट्ट दाबून घर्षणाने सांधा धरणारे) आहेत. गळीत हंगाम सुरू झाला की ही क्रेन रात्रंदिवस चालते. त्या उंचीवर माणूस चढवून प्रत्येक बोल्टला टॉर्क रेंच लावण्याइतका वेळ गाळप थांबल्याशिवाय मिळत नाही, आणि बगॅसची (उसाच्या चिपाडाची) भुकटी व ओल यांमुळे नटवर मारलेल्या रंगाच्या खुणा महिन्याभरात दिसेनाशा होतात. दर ऑफ सीझनला तपासणी केली की काही बोल्ट सैल निघतात. ते कधी सैल झाले आणि किती दिवस तसेच राहिले, हे मात्र कळत नाही.

म्हणून पीझोइलेक्ट्रिक, म्हणजे दाब दिल्यावर विद्युत प्रभार निर्माण करणाऱ्या, संवेदकांचा विचार मनात आला. नटाखाली वॉशरसारखी पीझो चकती बसवली तर तिच्यातून येणारा व्होल्टेज थेट बोल्टचा ताण सांगेल, अशी माझी प्राथमिक कल्पना आहे. परंतु बाजारातील साधी बझरची चकती शिकंज्यात धरून पाहिली तेव्हा मल्टिमीटरवर आकडा क्षणभर दिसला आणि लगेच शून्यावर आला. ही चकतीची मर्यादा आहे की जोडणीची? स्टीलच्या सांध्यावर पट्टी चिकटवून तिचा इम्पिडन्स (प्रत्यावर्ती प्रवाहाला होणारा विरोध) मोजण्याची पद्धत वाचनात आली आहे, तिने नेमके काय मोजले जाते? आणि आठ बोल्टांच्या गटात कोणता बोल्ट सैल झाला, हे तिच्यावरून कळते का? ज्यांनी प्रत्यक्ष काम केले आहे त्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

स्टील_आणि_सांधे

आपला प्रश्न महत्त्वाचा आहे, म्हणून थोडे मुळापासून लिहितो.

पिएर आणि जॅक क्युरी या भावांनी १८८० मध्ये दाखवलेला परिणाम असा, की काही स्फटिकांवर दाब दिला असता त्यांच्या पृष्ठभागांवर विद्युत प्रभार निर्माण होतो. इथे प्रभार दाबातील बदलाने निर्माण होतो, आणि तो टिकून राहण्यासाठी त्याला बाहेर पडण्याची वाटच नसावी लागते. आपल्या मल्टिमीटरचा अंतर्गत रोध साधारण दहा मेगाओहम असतो आणि लहान पीझो घटकाची धारकता सात-आठ नॅनोफॅरड धरली, तर दोहोंचा गुणाकार एका सेकंदाच्या दहाव्या भागाहूनही कमी येतो. तेवढ्या वेळात बहुतांश प्रभार गळून जातो. प्रभार प्रवर्धक वापरून ही गळती बरीच कमी करता येते आणि हातोड्याचा आघात किंवा क्रेन जाताना होणारा भारबदल उत्तम टिपता येतो, पण नोव्हेंबरमध्ये आवळलेल्या बोल्टमध्ये मार्चला किती ताण उरला आहे, हे अशा वॉशरकडून कळणार नाही. स्थिर ताण थेट मोजायचा असेल तर स्ट्रेन गेज लावलेला भारमापक वॉशर हवा. तो मिळतो, पण प्रत्येक बोल्टला एक असा खर्च येतो, आणि त्याच्या जाडीमुळे बोल्टची लांबी बदलावी लागते.

इम्पिडन्स पद्धत याहून निराळी आहे. लियांग, सन आणि रॉजर्स यांनी १९९४ मध्ये तिची मांडणी केली, आणि पुढे सिंगापूरचे नान्यांग विद्यापीठ व दिल्लीची आयआयटी यांसह अनेक ठिकाणी तिच्यावर भरपूर काम झाले. तिच्यात लेड झिर्कोनेट टायटॅनेटची, म्हणजे पीझेडटीची, सुमारे १० × १० मि.मी. आकाराची आणि ०.२ ते ०.३ मि.मी. जाडीची पट्टी सांध्याच्या प्लेटवर इपॉक्सीने चिकटवतात आणि तिला सुमारे एक व्होल्टचा प्रत्यावर्ती विद्युतदाब देऊन वारंवारता ३० किलोहर्ट्झपासून वर, बहुधा ४०० किलोहर्ट्झच्या आत, हळूहळू सरकवतात. पट्टी आडवी आकुंचन-प्रसरण पावते आणि प्लेटला सूक्ष्म कंपने देते. प्लेट त्या कंपनांना जितका विरोध करते तितका तो पट्टीच्या विद्युत प्रवाहात उमटतो. घ्यायचे मडके बोटाने वाजवून पाहण्याचाच हा प्रकार आहे, फक्त वाजवणारा आणि ऐकणारा घटक एकच आहे.

या मापनातील वास्तव भाग, म्हणजे वाहकता, सांध्याच्या यांत्रिक स्थितीला संवेदनशील असतो. काल्पनिक भागावर पट्टीच्या स्वतःच्या धारकतेचा प्रभाव अधिक असतो, त्यामुळे पट्टी तडकली आहे का किंवा गोंद सुटला आहे का, हे त्याच्यावरून ओळखता येते. म्हणून दोन्ही भाग साठवावेत. केवळ पहिल्यावर विसंबून राहिल्यास सुटलेली पट्टी आणि सैल झालेला बोल्ट यांत गल्लत होण्याची शक्यता असते.

आता आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. ही पद्धत बोल्टचा ताण न्यूटनमध्ये सांगत नाही. चांगल्या अवस्थेत घेतलेल्या आधार नोंदीपासून आजची नोंद किती सरकली, एवढेच ती सांगते. त्यासाठी बहुधा दोन वक्रांतील फरकांच्या वर्गांची बेरीज आधार वक्राच्या वर्गांच्या बेरजेने भागून तिचे वर्गमूळ काढतात. हा निर्देशांक किती झाला म्हणजे धोका, याचे उसने घेतलेले आकडे चालत नाहीत, कारण प्लेटची जाडी, पट्टीची जागा आणि निवडलेली वारंवारता यांनुसार तो पूर्ण बदलतो.

दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे आणि तिचा उल्लेख पुष्कळदा टाळला जातो. दोन प्लेटांचे पृष्ठभाग डोळ्यांना सपाट दिसले तरी प्रत्यक्षात त्यांच्यावरील सूक्ष्म उंचवटेच एकमेकांना टेकलेले असतात. बोल्ट आवळत जावे तसे हे उंचवटे दबतात आणि खरा संपर्क वाढतो. सुरुवातीला कंपनांच्या वहनात मोठा बदल दिसतो, पण पूर्ण ताणाच्या जवळ पोहोचल्यावर आणखी आवळण्याने होणारा बदल लहान होत जातो. म्हणून हाताने फिरेल इतका सैल झालेला बोल्ट ही पद्धत स्पष्ट दाखवते, पण शंभर टक्क्यांवरून ऐंशीवर आलेला ताण सहज निसटतो. एका पट्टीने लहर पाठवून सांध्यापलीकडील दुसऱ्या पट्टीने तिची ऊर्जा मोजण्याची जी पद्धत आहे, तिलाही हीच अडचण येते.

घर्षणपकड सांध्यात हे का महत्त्वाचे, ते आकड्यांत पाहू. आयएस ८००:२००७ या भारतीय मानकानुसार एम२०, ८.८ बोल्टचा किमान ताण २४५ चौ. मि.मी. गुणिले ५६० मेगापास्कल, म्हणजे सुमारे १३७ किलोन्यूटन. पृष्ठभाग ग्रिट ब्लास्ट केलेला (कणांच्या माऱ्याने साफ केलेला) असेल तर घर्षण गुणांक ०.५ धरता येतो. काहीच प्रक्रिया केली नसेल तर ०.२. सांध्याची सरकण्याविरुद्धची ताकद या दोन आकड्यांच्या गुणाकारावर उभी असते, त्यामुळे ताण वीस टक्के गेला की ती ताकदही वीस टक्के जाते, आणि सांधा एकदा आडवा सरकू लागला की नट आपोआप फिरू लागतो. आडव्या सरकण्यानेच नट सर्वाधिक वेगाने सुटतो, हे गेरहार्ड युंकर यांनी १९६९ मध्ये प्रयोगाने दाखवले. आपल्या गँट्रीत ट्रॉली थांबताना बसणारा आडवा झटका नेमका याच प्रकारचा आहे.

मनोऱ्यावरून

मी सातारा आणि धुळे भागातील पवनचक्क्यांच्या मनोऱ्यांवर फ्लँजचे बोल्ट तपासण्याचे काम करतो. वरील प्रतिसादातील दुसऱ्या मर्यादेशी मी पूर्णपणे सहमत आहे, आणि म्हणूनच मला वाटते की प्रश्नकर्त्यांनी प्लेटवर पट्टी लावण्याऐवजी बोल्टच्या डोक्यावर पीझो संवेदक ठेवून अल्ट्रासोनिक पद्धतीने ताण मोजावा. त्यातही पीझोच आहे, पण तो बोल्टच्या लांबीतून लहर पाठवतो आणि दुसऱ्या टोकावरून परत येणाऱ्या प्रतिध्वनीचा वेळ मोजतो. बोल्ट ताणला की तो लांबतो आणि त्यातील लहरीचा वेगही किंचित कमी होतो. दोन्ही परिणाम वेळ वाढवणारेच असल्याने मापन ताणाशी जवळजवळ सरळ प्रमाणात जाते, आणि पूर्ण ताणाच्या जवळही त्याची संवेदनशीलता कमी होत नाही.

अर्थात एम२० च्या आखूड बोल्टमध्ये हा फरक फार सूक्ष्म असतो. साठ मि.मी. पकड (आवळलेल्या प्लेटांची एकूण जाडी) असलेला बोल्ट पूर्ण ताणल्यावर ०.१५ मि.मी.च्या आसपासच लांबतो, आणि प्रतिध्वनीच्या वेळेतील बदल एक-दोन दशांश मायक्रोसेकंदांइतकाच असतो. म्हणून उपकरण नॅनोसेकंदांत मोजणारे हवे, बोल्टची दोन्ही टोके घासून समांतर केलेली हवीत, डोक्यावरचे उठावाचे प्रतचिन्ह काढावे लागते आणि प्रत्येक बोल्टची न ताणलेल्या अवस्थेतील नोंद हवी. आधीच आवळलेल्या बोल्टची अशी नोंद घेण्यासाठी तो एकदा सोडावा लागतो. मनोऱ्यांच्या लांब आणि जाड बोल्टांवर ही पद्धत फार समाधानकारक चालते. तुमच्या बोल्टांवरही चालेल, पण तयारीचे कष्ट दर बोल्टमागे जास्त पडतील.

टॉर्क रेंचच्या आकड्यावर फार विसंबू नये, हेही इथेच नोंदवतो. दिलेल्या टॉर्कपैकी साधारण निम्मा नटाखालच्या घर्षणात आणि त्याहून थोडा कमी आट्यांच्या घर्षणात खर्च होतो; बोल्ट ताणायला उरतो तो दहाव्या भागाच्या आसपास. वंगण, गंज किंवा बगॅसची भुकटी यांनी घर्षण बदलले की त्याच टॉर्कला ताण पंचवीस-तीस टक्क्यांनी इकडेतिकडे होतो.

गव्हाणीवरची_क्रेन

दोघांचेही मनःपूर्वक आभार. चकतीबद्दलचा माझा संभ्रम पूर्ण दूर झाला. दोन शंका उरतात. पहिली तापमानाची: आमच्याकडे डिसेंबरची पहाट आणि एप्रिलची दुपार यांत पत्र्याखालच्या तापमानात पंचवीस अंशांहून अधिक फरक पडतो. इतक्या फरकात आधार नोंदीशी तुलना करणे योग्य ठरेल का? दुसरी शंका उपकरणाची: इम्पिडन्स विश्लेषकाची किंमत आमच्या विभागाच्या आवाक्याबाहेर आहे, पण एडी५९३३ नावाची स्वस्त चिप हेच काम करते असे वाचले. ती वापरता येईल का?

सर्किट_दुरुस्ती

चिपच्या प्रश्नाला मी उत्तर देतो. एडी५९३३ मध्ये वारंवारता निर्माण करणारा भाग आणि बारा बिटांचा रूपांतरक एकाच ठिकाणी आहेत आणि ती १०० किलोहर्ट्झपर्यंत मोजते. म्हणून तिच्यावर बेतायचे असेल तर निरीक्षणाचा पट्टा ३० ते १०० किलोहर्ट्झमध्येच निवडावा लागेल. तो चालण्याजोगा आहे, पण उच्च वारंवारतेची स्थानिक संवेदनशीलता हातची जाते.

यातील खरी मेख मात्र वेगळी आहे. ही चिप बाहेरच्या साहाय्याशिवाय एक किलोओहमच्या वरचाच इम्पिडन्स नीट मोजते, आणि १० × १० × ०.२ मि.मी.ची पट्टी सुमारे आठ नॅनोफॅरडची असल्याने १०० किलोहर्ट्झला तिचा इम्पिडन्स दोनशे ओहमच्या आसपास उतरतो. पट्टी थेट चिपला जोडली तर मोजमाप येते, पण ते विकृत असते, आणि हे लवकर लक्षात येत नाही. चिप आणि पट्टी यांच्यामध्ये कमी निर्गम रोधाचा ऑप-अँपचा (प्रवर्धक चिपचा) टप्पा घाला, ज्ञात रोधाने अंशांकन करा आणि मग एखाद्या आठ-दहा नॅनोफॅरडच्या चांगल्या धारकावर मोजून उत्तर पडताळून पाहा. त्यानंतरच सांध्याकडे वळा.

केबलकडेही लक्ष द्यावे. साध्या समाक्ष केबलची धारकता मीटरला सुमारे शंभर पिकोफॅरड असते. दहा मीटर केबल म्हणजे एक नॅनोफॅरड, जी पट्टीच्या स्वतःच्या धारकतेच्या आठव्या भागाइतकी झाली. मापक मंडल सांध्याजवळच्या हवाबंद पेटीत ठेवावे आणि खाली फक्त अंकीय संदेश आणावा. ते शक्य नसेल तर केबल एकदा घातली की तिची लांबी, जात आणि मार्ग बदलू नये. पट्टी निवडताना खालचा इलेक्ट्रोड वरच्या बाजूला वळवून आणलेली निवडा, म्हणजे दोन्ही तारा वरून लागतात आणि गर्डरचे स्टील परतीचा मार्ग म्हणून वापरावे लागत नाही. क्रेनच्या मोटारींचा विद्युत गोंगाट त्या स्टीलमधून मोजमापात शिरतो. तारा डाग देऊन जोडताना डागणी पट्टीवर दोन-तीन सेकंदांहून जास्त टेकवू नये, कारण पीझेडटीच्या बहुतेक प्रकारांचा क्युरी बिंदू, म्हणजे पीझो गुण नाहीसा होण्याचे तापमान, २०० ते ३५० अंश सेल्सिअसच्या दरम्यान असतो आणि त्याच्या निम्म्या तापमानापासूनच तिचे ध्रुवीकरण क्षीण होऊ लागते.

स्टील_आणि_सांधे

तापमानाबद्दल. तापमान वाढले की पट्टीची धारकता वाढते आणि स्टील व गोंद दोन्ही किंचित मऊ होतात, त्यामुळे वाहकतेच्या वक्रावरील शिखरे कमी वारंवारतेकडे सरकतात. हा सरकाव बराचसा एकसारखा असतो. आजचा वक्र वारंवारतेच्या अक्षावर थोडा थोडा सरकवत आधार वक्राशी त्याचा सहसंबंध सर्वाधिक कुठे येतो ते शोधायचे आणि त्या जागी निर्देशांक काढायचा, ही रूढ दुरुस्ती आहे. बोल्ट सैल झाल्यावर शिखरांचा आकार, उंची आणि संख्या बदलते. तो बदल सरकवून नाहीसा होत नाही. तरीही पंचवीस अंशांचा फरक एका आधार नोंदीवर टाकू नका. प्रत्येक नोंदीबरोबर प्लेटचे तापमान लिहा आणि पाच-पाच अंशांच्या टप्प्यांत आधार नोंदींचा संच तयार करा. त्याच जाडीच्या स्टीलच्या एका सुट्या तुकड्यावर तशीच पट्टी तशाच गोंदाने चिकटवून तो तुकडा सांध्याशेजारी टांगून ठेवा. त्याच्या वक्रात दिसणारा बदल तापमानाचा, ओलाव्याचा किंवा गोंद जुना होण्याचा असेल, बोल्टचा नव्हे.

क्रेनच्या जागेचाही विचार करावा. क्रेनचे चालणे संपूर्ण गँट्रीला काही दशक हर्ट्झच्या आसपास हलवते आणि आपण त्याच्या हजारपटीने वरच्या वारंवारतेत मोजतो, म्हणून ती कंपने थेट मिसळत नाहीत. पण क्रेन सांध्यावर उभी असेल तर प्लेटांमधील संपर्क बदलतो आणि त्याबरोबर वक्रही. नोंद नेहमी क्रेन ठरावीक ठिकाणी, शक्यतो दूरच्या टोकाला, रिकामी उभी असताना घ्यावी. शिफ्ट बदलताना मिळणारी काही मिनिटे त्याला पुरतात.

आठांपैकी कोणता बोल्ट, या पहिल्या प्रश्नाचे उत्तर राहून गेले होते. एका पट्टीवरून ते खात्रीने सांगता येत नाही. साध्या धातूच्या तुळईवर या पद्धतीची पोहोच दोन मीटरपर्यंत असू शकते, पण बोल्टच्या सांध्यात कंपने फार लवकर विरतात, आणि त्याचा इथे फायदाही होतो: दोन-दोन बोल्टांच्या मध्ये एक, अशा चार पट्ट्या लावल्या तर ज्या पट्टीचा निर्देशांक सर्वाधिक वाढला तिच्या शेजारची जोडी संशयित ठरते. पुढचा निर्णय पाना घेऊन वर चढणाऱ्या फिटरचाच राहील. माझ्या मते आपल्या कामासाठी एवढे पुरेसे आहे, कारण हंगामात सर्व सांधे तपासण्याऐवजी नेमक्या कोणत्या सांध्यासाठी क्रेन अर्धा तास थांबवायची, हे त्यावरून ठरवता येते.

पवनचक्कीवाल्या मित्रांच्या सूचनेला विरोध नाही; पण मी ती दुसऱ्या जागी वापरेन. प्रत्येक महत्त्वाच्या सांध्यातील दोन बोल्टांची टोके ऑफ सीझनमध्ये घासून त्यांची न ताणलेली नोंद घेऊन ठेवा आणि हंगामाच्या मध्यावर एकदा त्यांचा ताण अल्ट्रासोनिक पद्धतीने मोजा. सुरुवातीची वीस टक्के घट, जी पट्ट्यांना दिसत नाही, ती तिथे दिसेल. ही घट नट न फिरताही होते: वॉशरखाली जाड रंग असेल तर तो दबतो, पृष्ठभागावरचे उंचवटे बसतात, आणि आवळल्यानंतरच्या पहिल्या काही तासांत व दिवसांत ताण उतरतो. रंगाची खूण शाबूत राहिली तरी ही घट तिच्यात दिसत नाही.

पट्ट्या चिकटवण्याआधी जागेवरचा रंग काढून धातू उघडा करा, गोंदाचा थर शक्य तितका पातळ ठेवा आणि नंतर पट्टीवर ओलावारोधक लेप द्या. हे सर्व बाहेरच्या पृष्ठभागावरच करावे. प्लेटा जिथे एकमेकींना टेकतात त्या घर्षणाच्या पृष्ठभागाला कोणत्याही कारणाने गोंद, ग्रीस किंवा रंग लागता कामा नये.

शेवटचे आणि अत्यावश्यक काम येत्या ऑफ सीझनचे आहे. पट्ट्या लावल्यावर आणि गोंद पूर्ण पक्का झाल्यावर, क्रेन दुसऱ्या टोकाला उभी करून व तिचा वीजपुरवठा तोडून, एका सांध्यातील एकेक बोल्ट टप्प्याटप्प्याने सैल करा, प्रत्येक टप्प्याला चारही पट्ट्यांची नोंद घ्या आणि पुढच्या बोल्टकडे वळण्याआधी आधीचा पुन्हा पूर्ण आवळा. एका वेळी एकाहून अधिक बोल्ट सैल ठेवू नका. धोक्याची मर्यादा याच नोंदींवरून ठरवायची आहे. या चाचणीत वापरलेले बोल्ट शेवटी काढून टाकून त्यांच्या जागी नवे बोल्ट, नट आणि वॉशर घाला, कारण पूर्ण ताणलेला घर्षणपकड बोल्ट पुन्हा वापरू नये. नवे बोल्ट आयएस ४००० मधील नट ठरावीक अंशाने फिरवण्याच्या पद्धतीने आवळा. हंगामाची आधार नोंद मात्र त्यांचा सुरुवातीचा ताण उतरून स्थिर झाल्यावर, आठवडाभराने, घ्या.